विचारलं तर सांग, माझंच आहे

कुत्रं माझ्या बॅगेपाशी आलं, वास घेतला आणि खाली बसलं. भुंकलं नाही, गुरगुरलं नाही. नुसतं बसलं. बारकंसं, लांब कानांचं, पाठीवर सरकारी जॅकेट. त्याचा पट्टा धरलेली जपानी बाई माझ्यासमोर वाकली आणि बॅगेकडे हात करून तिने इंग्रजीत विचारलं, ही कुणाची?

मी मॅडमकडे बघितलं. बॅग मॅडमची होती. जुनी, निळी, एक चाक अडकणारी. भरली पण तिनेच होती, किहीमच्या बंगल्यात, माझ्यादेखत.

मॅडम दोन पावलं मागे सरकली.

"नॉट अवर्स," ती म्हणाली. मग माझ्याकडे बोट केलं. "हर्स. शी इज अवर मेड."

आणि मला, मराठीत, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "खायचं काही आणू नकोस म्हणून सांगितलं होतं ना तुला? तुम्हा लोकांच्या या सवयी जायच्याच नाहीत."

टोकियोचा विमानतळ. सकाळची वेळ. सामानाच्या पट्ट्याभोवती शंभरएक माणसं. सगळी माझ्याकडे बघत होती. मी खाली कुत्र्याकडे बघत राहिले, कारण तेवढंच एक माझ्याकडे बघत नव्हतं.

तोंडावर मी तिला "अहो मॅडम" म्हणायचे. इथं सांगताना "ती"च म्हणणार आहे.

मी मुरुड तालुक्यातली. आमची वस्ती गावाबाहेर, रस्त्याच्या वरच्या अंगाला. आई अजून तिथंच असते. मी बारावी झाले, लग्न झालं, नवरा गेला, आणि चार वर्षांपूर्वी किहीमला या मुंबईच्या लोकांच्या बंगल्यावर कामाला लागले. ते शनिवार-रविवार यायचे. पुढे सरांची, म्हणजे मॅडमच्या नवऱ्याची, आई अंथरुणाला टेकली आणि बंगल्यावर कायमची राहायला आली. तिला आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. तिचं सगळं मी करायचे. अंघोळ, औषधं, डायपर, स्वयंपाक.

पहिल्याच दिवशी मॅडमने माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ती "अच्छा" म्हणाली. दुसऱ्या दिवशी खिडकीत एक वेगळा स्टीलचा कप दिसला. कुणी काही बोललं नाही. मला कळलं. चार वर्षं मी त्या कपातून चहा प्याले. माझ्या हातचं मटण चालायचं, भाकरी चालायची, मोठ्या बाईंना भरवलेला भात चालायचा. माझ्या तोंडचा कप चालायचा नाही.

सरांचा भाऊ टोकियोत. त्याला भेटायला सगळे निघाले तेव्हा मोठ्या बाईंसाठी मलाही नेलं. माझा पासपोर्ट त्यांनीच काढला, व्हिसा त्यांनीच काढला. पासपोर्ट माझ्या हातात आला तो एकदाच, सही करायला. मग मॅडमने तो आपल्या पर्समध्ये टाकला. "तू हरवशील," म्हणाली. एकोणतीस वर्षांची मी. मी आजवर आईने दिलेली सुईसुद्धा हरवलेली नाही.

वाटेत बँकॉकला विमान बदलायचं होतं. ते तिघं पुढच्या मोठ्या खुर्च्यांवर, मी मागे. बँकॉकला उतरले तेव्हा मोठ्या बाईंची व्हीलचेअर कुठल्या तरी वेगळ्या दाराने निघून गेली होती, सर आणि मॅडम तिच्याबरोबर. मी बाणांच्या मागे चालत गेले. पुन्हा तपासणीची रांग. तिथल्या शिपायाने हात पुढे केला. पासपोर्ट. पुढच्या विमानाचा पास.

माझ्याकडे दोन्ही नव्हतं. फोनला तिथं रेंज नव्हती. शिपायाने मला रांगेतून बाजूला काढलं आणि भिंतीपाशी उभं केलं. बसायचं नाही म्हणून खूण केली. मी उभी राहिले. माझ्या पुढून किती माणसं गेली. सगळ्यांच्या हातात ती बारकी पुस्तकं. लहान लहान मुलींच्या हातात पण. मला लघवीला लागली होती. मी विचारलं नाही, कारण कुठल्या भाषेत विचारायचं आणि सोडलं नाही तर काय, हे कळेना.

तासाभराने सर आला. हातात सँडविचचा अर्धा तुकडा. ते लोक लाउंजमध्ये नाश्ता करत होते. मोठ्या बाईंचा डायपर बदलायचा झाला तेव्हा मी नाही हे लक्षात आलं.

सर शिपायाला हसत म्हणाला, "सॉरी, सॉरी. शी इज लाइक अ चाइल्ड."

शिपाईपण हसला. मी सरांच्या मागोमाग गेले आणि डायपर बदलला.

टोकियोला उतरायच्या आधी मॅडम मागे माझ्या खुर्चीपाशी आली. हातात पिवळट कागद, पेनाने भरलेला. "इथं सही कर, पटकन." कागदावर प्रश्न होते आणि पुढे चौकोन. सगळ्या चौकोनांत "नो"वर खूण.

आता जे सांगते ते सांगायला जड जातं. मला इंग्रजी वाचता येतं. सावकाश, पण येतं. मी तो कागद वाचू शकले असते. मांस आणि फळं हे दोन शब्द तर नक्कीच वाचले असते. मी वाचला नाही. ती उभी होती, पेन पुढे केलेलं होतं, "पटकन" म्हणाली होती. चार वर्षांत माझा हातच तसा झाला होता. ती म्हणाली की चालायचा.

मी सही केली.

बॅगेत काय आहे मला माहीत होतं. दोन डझन हापूस, श्रीवर्धनच्या एका बागेतले, सरांच्या भावासाठी. आणि सुक्या मटणाचं लोणचं, तीन बरण्या. ते मीच केलं होतं. दोन दिवस तेलात परतून परतून. हे न्यायला बंदी आहे हे मला माहीत नव्हतं. मॅडमला माहीत होतं. म्हणूनच त्या चार चांगल्या बॅगांमध्ये ते नव्हतं. म्हणूनच त्या निळ्या बॅगेवर माझ्या नावाची चिठ्ठी होती.

त्या कुत्र्याच्या बाईने मला एका खोलीत नेलं. मॅडमने माझा पासपोर्ट आणि तो पिवळट कागद तिच्या हातात दिला आणि "वुई विल वेट आउटसाइड" म्हणून सगळे गेले. मोठ्या बाई जाताना म्हणाल्या, "लोणचं फुकट गेलं."

खोलीत एक टेबल. पन्नाशीचा एक अधिकारी. त्याने हातमोजे घातले, बॅग उघडली, आंबे एकेक करून बाहेर ठेवले. बरण्या ठेवल्या. मग फोन लावून माझ्यापुढे ठेवला. फोनवर हिंदी बोलणारी एक बाई होती, दुभाषी. तो जपानीत विचारायचा, ती हिंदीत सांगायची.

त्याने आधी माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट, आणि त्याच्यामागे "सान". ते तिकडे सगळ्यांनाच लावतात, आपल्याकडे जी म्हणतात तसं. मला त्या वेळी माहीत नव्हतं. माझं आडनाव ऐकून ज्याचा चेहरा बदलला नाही असा माणूस मी बऱ्याच दिवसांनी बघत होते.

"बॅग तुम्ही भरली का?"

मी गप्प.

"कागदावरची सही तुमची आहे का?"

ती माझीच होती. मी "हां" म्हटलं.

मग त्याने तो पिवळा कागद माझ्यासमोर ठेवला आणि एकेक प्रश्न वाचला. दुभाषी बाईने प्रत्येक प्रश्न हिंदीत सांगितला. मांस आणलंय का. नाही. फळं आणली आहेत का. नाही. दुसऱ्याने दिलेली वस्तू आणली आहे का. नाही. प्रत्येक "नाही"खाली माझी सही. तो ओरडला नाही. शिवी दिली नाही. पण एक वाक्य बोलला आणि फोनमधून ते हिंदीत आलं. "सही केली म्हणजे हे तुम्ही बोललात. दुसऱ्या कुणी नाही."

एवढंच.

आंबे गेले. बरण्या गेल्या. मला ताकीद मिळाली, पासपोर्टचा नंबर त्यांच्याकडे लिहिला गेला. पुन्हा असं झालं तर प्रकरण पोलिसात जाईल, असं दुभाषीने सांगितलं. नंबर माझा. मॅडमचा नाही.

बाहेर आले तर मॅडम म्हणाली, "किती वेळ? आईंना किती वेळ बसवून ठेवलंस." आणि हात पुढे केला. पासपोर्ट. मी दिला. त्या दिवशी अजून देत होते.

टोकियोत नऊ दिवस. त्या दिवसांचं सांगण्यासारखं फार नाही. सरांच्या भावाच्या घरी मी कपड्यांच्या खोलीत झोपले. पहिल्याच जेवणाला मॅडमने विमानतळाची गोष्ट सगळ्यांना सांगितली, अशी की लोणचं मी लपवून आणलं. भाऊ हसून हसून लाल झाला. मी मागे उभी राहून मोठ्या बाईंना वरण भरवत होते. मोठ्या बाईंना खरं माहीत होतं. बॅग भरताना त्या तिथंच पलंगावर होत्या. त्यांनी तोंड उघडलं ते पुढच्या घासासाठी.

एक दिवस मॅडम घड्याळं घ्यायला गेली. पिशव्या धरायला मी. मोठं दुकान, गालिचा. तीन घड्याळं घेतली, एक तिला, दोन तिच्या बहिणींना. परदेशी माणसाला कर माफ असतो म्हणून दुकानदाराने पासपोर्ट मागितला. तिने तिचा काढून दिला. पावतीवर तिचा नंबर चढला. मी मागे उभी राहून सगळं बघितलं. मला आता कागद बघायची खोड लागली होती.

परत निघालो त्या दिवशी विमानतळावर काउंटरच्या मुलीने आमचे चारही पासपोर्ट घेतले, प्रत्येकाचा चेहरा बघितला आणि ज्याचा त्याच्या हातात दिला. माझा माझ्या हातात, दोन्ही हातांनी. मॅडमने सवयीने हात पुढे केला. मी पासपोर्ट ब्लाऊजमध्ये घातला आणि मोठ्या बाईंची खुर्ची ढकलायला लागले.

"ए, दे इकडे."

"ऱ्हाऊ दे माझ्याकडं."

ती बघत राहिली. रांगेत मागे माणसं होती. तिने हात मागे घेतला.

बँकॉकला या वेळी मी एकटी चालत गेले. बोर्ड वाचत गेले. आमच्या विमानाचा नंबर शोधला, गेटचा नंबर शोधला, तपासणीला पासपोर्ट दाखवला, पास दाखवला. शिपायाने मान हलवली. पाच मिनिटं लागली. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी मला भिंतीला उभं केलं होतं.

गेटजवळच्या बायकांच्या बाथरूममध्ये मॅडमने मला गाठलं. दार लावलं. घड्याळांची खोकी तिने कचऱ्याच्या डब्यात टाकली, वर कागदी रुमाल टाकले. एक घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. तिने माझ्या हाताला हात लावल्याचं मला तेवढंच आठवतं. उरलेली दोन मोठ्या बाईंच्या डायपरच्या पिशवीत, डायपरच्या घडीत घातली.

"मुंबईला हिरव्या बाजूने सरळ बाहेर पडायचं. डायपरमध्ये कोण हात घालतंय?"

"आन् हातातलं?"

"तुझ्या हातात कोण बघणार? बघितलं तरी नकली वाटेल." ती आरशात केस नीट करत होती. "विचारलं तर सांग, माझंच आहे."

मी तिथं नाही म्हटलं नाही. खोटं कशाला सांगू. परका देश, पासपोर्ट आणि तिकिटापलीकडे माझ्याकडे काही नाही. ती मला तिथं सोडून गेली असती तर मी काय केलं असतं? मी भ्याले. घड्याळ घालून विमानात बसले.

चार-साडेचार तास मनगट मांडीवर ठेवून बसले होते. तिचं म्हणणं पुन्हा पुन्हा कानात येत होतं. तिचा हिशेब सरळ होता. टोकियोत पकडली जाणारी मी. मुंबईत न दिसणारी पण मी. सापडलं तर चोर मी, सुटलं तर घड्याळं तिची. मी माणूस नव्हतेच. मी निळी बॅग होते.

मला राग आला. खरा. चार वर्षांत आला नव्हता असा. तिचा आलाच, पण माझा जास्त. त्या कपाचा आला. तो कप मी रोज स्वतः घासून परत खिडकीत ठेवायचे.

मुंबईला दुपारी उतरलो. सामान घेतलं. पुढे कस्टमच्या दोन वाटा, कर भरण्यासारखं काही नसेल तर हिरवी, असेल तर लाल. हिरव्या पाटीखालून माणसांचा लोंढा जात होता. लाल पाटीखाली टेबल आणि एक बाई अधिकारी, पांढरा गणवेश, समोर कुणी नाही. सर मोठ्या बाईंची खुर्ची घेऊन पुढे. मॅडम त्याच्या बाजूला, मागे न बघता. माझ्या खांद्याला डायपरची पिशवी.

मी लाल पाटीकडे वळले.

"काय दाखवायचंय?" अधिकारी बाईंनी विचारलं. मराठीत.

मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. डायपरची पिशवी ठेवली. "यात अजून दोन हायत. माझी न्हाईत."

"मग कुणाची?"

मी बोट केलं. चार वर्षांत पहिल्यांदा मी तिच्याकडे बोट केलं.

शिपाई गेला आणि त्यांना हिरव्या बाजूच्या दारातून परत घेऊन आला. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. सर इंग्रजीतच सुरू झाला, गैरसमज आहे, आई आजारी आहे, आम्हाला उशीर होतोय. मॅडम मध्येच म्हणाली, "ही आमची कामवाली. चोरली असतील हिने. टोकियोतपण पकडली होती हिला. विचारा."

मोठ्या बाई खुर्चीतून म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, असल्यांना बरोबर नेऊ नका."

मी टेबलाची कड धरली.

अधिकारी बाईंनी मॅडमकडे बघितलं. "हिने चोरली?"

"मग काय!"

"कुणाची चोरली?"

"आमची..." ती म्हणाली आणि थांबली.

"म्हणजे तुमचीच. मग तुम्ही हिरव्या बाजूने का निघालात?"

मी म्हटलं, "पावती तिच्या पर्समधी हाय. तिच्याच पासपोर्टचा नंबर हाय तिच्यावर. मी बघितलंय."

पावती निघाली. घड्याळं जप्त झाली. आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि जबाब घेतले. माझा जबाब मराठीत लिहिला. अधिकारी बाईंनी कागद पुढे केला, पेन दिलं. मी पेन खाली ठेवलं आणि वाचायला लागले. चार पानं. दोन ठिकाणी चूक होती, मी सांगितली, त्यांनी दुरुस्त केली. बराच वेळ गेला. त्या थांबल्या. मग मी सही केली.

मॅडम बाहेर बाकावर होती. मी पुढून जाताना हळू म्हणाली, "किहीममध्ये पाय ठेवून दाखव."

ठेवला. दुसऱ्या दिवशी कपडे आणायला गेले. माझं सामान दोन कचऱ्याच्या पिशव्यांत भरून फाटकाबाहेर टाकलं होतं. माळीदादा आतून म्हणाले, "जा बाई. मी तुला बघितलंच न्हाय." बंगलेवाल्यांचा फोनवर ग्रुप असतो. माझा फोटो त्यावर फिरला होता, खाली लिहिलं होतं, चोर, ठेवू नका. किहीम, आवास, सासवणे, कुठंच काम मिळेना. जिच्याबरोबर मी चार वर्षं डबा खाल्ला ती शेजारच्या बंगल्यावरची बाई एसटी स्टँडवर मला बघून पाठ फिरवून उभी राहिली.

घरी आईने कपाळावर हात मारला. "गप बसाया काय झालं व्हतं गो तुला? घड्याळ त्यांचं, कायदा त्यांचा. तुझं काय जात व्हतं?"

"माझं नाव जात व्हतं."

"नावावर पोट भरतंय व्हय?"

आईचं चुकलं असं म्हणत नाही. तिने जन्मभर गप बसून मला वाढवलं. पण त्या दिवशी मी जेवले नाही.

मुरुडला एका लॉजवर काम धरलं. चादरी, खोल्या, संडास. चहा सगळ्यांना एकाच किटलीतला, एकसारख्या ग्लासात. पहिल्या दिवशी ग्लास हातात धरून मी उगाच थांबले होते.

गेल्या आठवड्यात सरांचा मॅनेजर लॉजवर आला. गाडी बाहेर, हातात पारदर्शक फाइल. टाइप केलेला कागद, इंग्रजी. प्रकरण पुढे गेलंय, मला पुन्हा जबाबाला बोलावणार आहेत. त्याआधी या कागदावर सही हवी. मी खुर्ची घेतली आणि बसून वाचला. तो उभाच. लिहिलं होतं की घड्याळं मालकांनी मला आणि माझ्या घरच्यांना बक्षीस दिली होती, माझा गोंधळ झाला, आधीचा जबाब मी दडपणाखाली दिला.

"सही केलीस तर चोरीचं नाव निघेल," तो म्हणाला. "कामावरपण घेतील. नाहीतर टोकियोचं प्रकरण ते बाहेर काढणार. तिथं तुझी सही आहे. तू पण स्वच्छ नाहीस."

मी स्वच्छ नाही, हे खरं आहे. टोकियोचा तो कागद मी न वाचता सही करून दिला. ते लोणचं मी केलं, बॅग भरताना मी बरण्या पुरवल्या, आणि त्या खोलीत भरली कुणी म्हणून विचारलं तेव्हा मी गप्प बसले. त्यांना वाटतं या भीतीने मी पुन्हा भिंतीला उभी राहीन.

कागद मी त्याला परत दिला. सही न करता.

"विचार कर," तो म्हणाला.

"झालाय करून. टोकियोचं तुमी कशाला सांगताय? मीच सांगणार हाय. पयलं तेच सांगणार."

जबाबाची तारीख आली आहे. एकटी जाणार आहे. सांगेन की ती सही माझी आहे. सांगेन की बॅग कुणी भरली, कागद कुणी भरला, माझा पासपोर्ट कुणाच्या पर्समध्ये होता, घड्याळ माझ्या हाताला कुणी बांधलं आणि बांधताना काय म्हणाली. मोठ्या बाईंचं नाव सांगेन, त्यांनी बघितलं म्हणून. माझी जी शिक्षा असेल ती मी घेईन. तिची मात्र मी घेणार नाही. एक दिवसाचीसुद्धा नाही.